जोर कुठे द्यायचा

"परत पहिल्यालाच पडली हनुवटी," चंपा म्हणाली. "पुन्हा बोल."

मनालीने डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "डेव्हलप."

"पहिल्यालाच."

"आई, तुला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही, आणि तू माझ्या चुका काढतेस?"

"इंग्रजी कोण बघतंय गो? मी हनुवटी बघते. तुझे सर काय बोलले? जोर मधल्या अक्षराला. मग मधल्याला पडू दे की."

मनाली हसली. पुन्हा तोंड उघडलं आणि या वेळी कशी कोण जाणे, हनुवटी बरोबर मधोमध खाली आली. चंपाने मांडीवरचं सूप थांबवलं. "हां, आता बसला," ती म्हणाली, आणि तांदळातला खडा उचलून दाराबाहेर फेकला.

भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या त्या दोन खोल्यांत त्या साली रोज तिन्हीसांजेला हा तमाशा चालायचा. मनालीचा बाप रामदास, भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षा हाकून दमून यायचा, आणि त्याला चहा मिळण्याआधी इंग्रजीचे दहा शब्द ऐकावे लागायचे. शेजारपाजारचे विचारायचे, चंपाबाय पण इंग्लिश शिकते काय आता? चंपा म्हणायची, "मी न्हाय शिकत, मी शिकवते." आणि हे ती इतक्या मोठ्याने म्हणायची की ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही उत्तर मिळून जायचं.

चंपाचा आवाज हा गावात थट्टेचाच विषय होता. तिने कानात सांगितलेली गोष्ट नदीनाक्यापर्यंत कळते, असं रामदास चारचौघांत म्हणायचा. विहारात वंदना सुरू झाली की सगळ्या बायकांच्या वरचढ चंपाचा आवाज, आणि सगळे थांबले तरी तिचं एखादं अक्षर मागे उरायचं. पण त्यात तिचा काय दोष? लग्न होऊन शेलारला आली, आणि हळद निघायच्या आत कांडीखात्यात लागली. कारखान्याच्या एका कडेला धाग्याच्या कांड्या भरायचं मशीन, आणि पलीकडे ओळीने कापड विणणारे लूम. दिवसभर नुसतं खट्याक खट्याक. धोट्यात कांडी जाते, धोटा इकडून तिकडे धावतो, आणि पत्र्याखाली दुसरं काही ऐकूच येत नाही. तिथे बोलायचं तर दोनच रीती. एक म्हणजे घसा फाडून बोला, एकेका अक्षराला सारखं बळ लावून, कारण एक अक्षर जरी हळू पडलं तरी ते लूम खाऊन टाकतो. दुसरी रीत म्हणजे बोलूच नका. नुसते ओठ हलवा. कांडीखात्यातल्या बायका आवाज न काढता अख्खा दिवस गप्पा मारायच्या, एकमेकींच्या सासवांचा उद्धार करायच्या, आणि शेठ मागे उभा असला तरी त्याला पत्ता लागायचा नाही. चंपाच्या शेजारी बसणारी राहीबाई तर ओठांनी अशा काही गोष्टी सांगायची की चंपाच्या हातातला धागा तुटायचा.

मनाली अशा ठिकाणी वाढली. कांड्यांच्या टोपल्यांमागे लुगड्याची झोळी, त्यात ती. बोलायला शिकली ती आईच्या तोंडाकडे बघत आणि कारखान्यावर मात करत. त्यामुळे मनाली बोलली की गल्लीच्या टोकाला कळायचं, आणि एकही अक्षर कमी पडायचं नाही. बी.कॉम. झाली, चांगले गुण मिळाले, इंग्रजी लिहायला पक्की. त्या दिवसांत कॉल सेंटरचं वारं आलं होतं, पोरं-पोरी मालाडला, ऐरोलीला जात होती. मनालीही मुलाखतीला गेली. समोरच्या बाईने तिला पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, तुमचं इंग्लिश छान आहे, पण तुम्ही माझ्याशी भांडताय असं वाटतं.

मनाली घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. तिला काय लागलं ते चंपाला नेमकं कळलं. पोरीच्या शिक्षणाला नव्हे, आईच्या कारखान्याला लोक नाही म्हणाले होते.

मग मनालीने भाविक सरांचा क्लास लावला. धामणकर नाक्यावर कापडाच्या दुकानावरची खोली. भाविक सर काल्हेरच्या आगऱ्याचा पोरगा, कॉल सेंटरमध्ये दोन वर्षं काढून आलेला. बोलायला गमतीदार. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, इंग्रजीच्या प्रत्येक शब्दात एकच नवरदेव असतो, बाकीचे वऱ्हाडी. घोड्यावर नवरदेवानेच बसायचं. तुम्ही भिवंडीवाले अख्खं वऱ्हाड घोड्यावर बसवता. गोऱ्याला कळत नाही, लग्न कुणाचं आहे.

चंपाला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी तिने ते कांडीखात्यात ओठांनी सगळ्यांना सांगितलं.

पण मनालीला ते जमेना. कानाला सवयच नव्हती. आपण कुठे जोर देतो हे तिचं तिलाच कळायचं नाही, कारण ती जन्मभर सगळीकडेच देत आली होती. एका संध्याकाळी ती आरशासमोर शब्द घोकत होती आणि चंपा मागून बघत होती. चंपाला आपलं दिसलं, की पोरगी जिथे बळ लावते तिथे हनुवटी जास्त खाली येते, भुवया जराशा उडतात. वर्षानुवर्षं ओठ वाचणाऱ्या बाईला यात काय मोठं? ती सहज बोलून गेली, आणि मनाली गर्रकन वळली. तेव्हापासून आरसा खुंटीला गेला आणि आई समोर बसली.

एकदा मनाली क्लासमधून आली ती अख्खं वाक्य घेऊन. "आय विल कॉल यू टुमारो. मी तुला उद्या फोन करेन. आता गंमत बघ. शब्द तेच, पण जोर आय वर दिला, तर काय? तर मी करेन, दुसरं कुणी नाही. यू वर दिला, तर तुलाच, बाकी कुणाला नाही. कॉलवर दिला, तर फोनच करेन फक्त, येणार नाही. आणि टुमारोवर दिला, तर आज नाही, उद्या."

चंपाने तिला ते चारही तऱ्हांनी म्हणायला लावलं. चारही वेळा हनुवटी वेगळ्या जागी पडली. मग ती म्हणाली, "म्हंजे त्यांच्यात 'च' न्हाय."

"काय?"

"आपल्यात च हाय ना? मीच येईन. तुलाच देईन. उद्याच जाईन. चिकटवला च की झालं. त्या बिचाऱ्यांकडं च न्हाय, म्हणून ते आवाजाचा च करतात."

मनालीने तिच्या गळ्यात हात टाकले. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये तिने हे सांगितलं तेव्हा भाविक सरही हसले म्हणे, आणि पुढच्या बॅचला त्यांनी ते आपलं म्हणून खपवलं.

चंपाला त्या संध्याकाळी फार आवडायच्या. पोटची पोर असून मनाली कधी एवढा वेळ तिच्या समोर बसली नव्हती. आधी कारखाना, मग शाळा, मग कॉलेज. आता ती रोज चेहरा पुढे करून बसायची आणि चंपा तो भरल्या पोटी जेवावं तशी सावकाश बघायची. डाव्या भुवईतला तीळ, वरच्या ओठाची ती किंचित वाकडी कड, जी रामदासच्या आईची होती. पोरगी पास व्हावी असं तिला मनापासून वाटायचं, आणि हे लवकर संपू नये असंही तितकंच वाटायचं. दोन्ही एकाच वेळी मागायची लाज वाटून ती काहीच मागायची नाही.

हळूहळू मनालीचं बोलणं बदललं. नवरदेव घोड्यावर, बाकीचे पायी. मराठीसुद्धा तशीच व्हायला लागली. मऊ, खालच्या पट्टीतली, एखाद्या शब्दावर अलगद पाय देऊन पुढे जाणारी. "आता बाई वाटतेस हाफिसातली," रामदास म्हणाला. चंपाला कधीकधी पुढे वाकून बघावं लागायचं की ही काय म्हणते. तिने ते स्टोव्हच्या आवाजावर ढकललं.

मनाली दुसऱ्या मुलाखतीत पास झाली. कंपनी बंगलोरची. रामदास कुरकुरला, "येवढ्या लांब पोरीला? ऐरोलीला काय नोकरी न्हाय?" चंपाने त्याला एका वाक्यात गप्प केलं. "मी कांडीखात्यापलीकडं काय बघितलं? ती बघू दे."

ठाण्याहून रात्रीची लक्झरी होती, पण सुटायच्या कितीतरी आधी मनाली आत जाऊन बसली, कारण बाहेर बसली असती तर रडली असती. काचा बंद. चंपा खिडकीखाली उभी. मनालीने काचेतून खाली बघितलं आणि कांडीखात्यातल्या रीतीने, आवाज न काढता, नुसते ओठ हलवले. आय विल कॉल यू टुमारो. हनुवटी पडली ती शेवटच्या शब्दावर. चंपाने मान हलवली. उद्याच करणार म्हणते, ती रामदासला म्हणाली, आणि बसस्टँडवरच्या निम्म्या लोकांना ते कळलं.

आणि खरंच दुसऱ्या दिवशी फोन आला. रामदासने नाक्यावरून जुना मोबाइल घेतला होता, तो वाजला. चंपाने तो दोन्ही हातांनी कानाला लावला.

"आई," असं आलं. मग सुंसुं. मग "पोच" का काहीतरी. मग पुन्हा सुंसुं, आणि मधेच एक "मोठ्ठं" वर आलं आणि बुडालं.

"मोठ्यानं बोल गो, कारखाना चालू हाय," चंपा ओरडली. पलीकडून काहीतरी आलं. चंपा म्हणाली, "बरं. जेवलीस ना? बरं." फोन रामदासकडे दिला आणि बाहेर येऊन समोरच्या कारखान्याला तिने शिव्या घातल्या. एक दिवस पोरीचा फोन येतो तर हे मेले लूम थांबत नाहीत.

पुढचे फोनही तसेच. शब्दांचे नवरदेव तेवढे ऐकू यायचे, वऱ्हाड कुठे गेलं ते कळायचं नाही. मग चंपाने शक्कल काढली. शुक्रवारी सगळे लूम बंद असतात. तिने रामदासकडून निरोप दिला, शुक्रवारी दुपारी कर. ती आठवडाभर त्या शुक्रवारची वाट बघत राहिली. काय काय विचारायचं ते मनात लावून ठेवलं. खोलीत मैत्रिणी कोण आहेत, भात मिळतो का, रात्रपाळीला थंडी वाजते का, आणि जमलंच तर, आमची आठवण येते का.

शुक्रवार आला. लूम थांबले. गाव कसं विहिरीत पडल्यासारखं गप्प झालं. चंपा ओट्यावर बसली, रामदास तीन हात लांब रिक्षाचा प्लग पुसत होता. फोन वाजला.

आई. सुंसुं. ताप. सुंसुं.

तसंच. अगदी तसंच. चंपाने फोन कानावर इतका दाबला की कानाची पाळी दुखली. आणि तेवढ्यात तिकडून रामदास म्हणाला, "ताप आलावता? विचार ना, आता कसं हाय? डॉक्टरकडं गेली म्हणते, विचार."

चंपाने ते त्याच्या ओठांवरून वाचलं. त्याला तीन हातांवरून ऐकू आलं होतं.

चंपाने मान वर केली. समोर कारखान्याचं शटर खाली होतं, एक कावळा पत्र्यावर चोच आपटत होता आणि त्याचाही आवाज तिला येत नव्हता. इतके दिवस ती ज्याला शिव्या देत होती तो बिचारा आज गप्प बसला होता, आणि तरीही पोरगी ऐकू येत नव्हती. मग तिला आपसूक दुसरी गोष्ट कळली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. जो आवाज आपल्याला ऐकू येत होता, तो आपणच काढून घेतला. एकेका संध्याकाळी, हनुवटी बघत बघत. पोरीच्या बोलण्यातलं जे जे खाली ठेवायला शिकवलं, ते ते आपल्या कानाच्या खाली गेलं.

"बरं बाय. जप. औषध घे," ती फोनमध्ये ओरडली आणि फोन नवऱ्याकडे दिला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, तिने रामदासला सांगितलं. "माझ्या कानाचं तिला सांगायचं न्हाय."

"का पण? अवघड काय हाय त्यात?"

"तिला कळलं तर ती नोकरी सोडून येईल. न्हायतर तिथं ओरडून बोलंल. ओरडते म्हणून तर हाकललं होतं तिला."

रामदासने डोकं खाजवलं आणि कबूल केलं. यापुढे तो मनालीशी बोलायचा आणि मग चंपाला समोर बसून सगळं सांगायचा. चांगलं सांगायचा, काही राखायचा नाही. पण निरोप तो निरोप. ताटातलं दुसऱ्याने जेवून चव सांगावी, तसं ते. मनालीने मेसेज पाठवले तर तो वाचूनही दाखवायचा. चंपाला बातमी नको होती. तिला पोरीचा आवाज हवा होता, सबंध, पहिल्यासारखा, एकही अक्षर न गळता. कारखान्यात कांड्या भरताना ती तो आठवायचा प्रयत्न करायची आणि तो लहानपणचा यायचा. "आये, भूक लागली!" पार लूमच्या पलीकडून.

एकदा तिने राहीबाईला ओठांनी सांगितलं, पोरीचा आवाज गेला माझा.

राहीबाईने कांडी बदलली आणि ओठांनीच म्हणाली, माझा तर नवऱ्याचा गेला. सुखात हाय मी.

चंपा हसली. मग दोघींनी बराच वेळ एकमेकींकडे बघितलं नाही.

फोन आला की चंपा आता स्वतःच बोलून टाकायची. जेवलीस? बरं. झोपतेस ना नीट? बरं बरं. घे, बाबा बोलतात. अर्ध्या मिनिटात मोकळी. आधी मनाली रोज फोन करायची, मग आठवड्यातून दोनदा, मग रविवारी. रामदासने एकदा चाचरत सांगितलं, "ती विचारत होती, आई नीट बोलतच न्हाय, काय झालं म्हणून." चंपा पीठ मळत होती. ती मळतच राहिली.

चौदा एप्रिलला मनाली रजा घेऊन आली. अंगाने भरलेली, केस कापलेले, नवी बॅग. विहारातून मिरवणूक निघाली त्यात ती चंपाचा हात धरून चालली. घरी आल्यावर समोरासमोर बसून बोलायला लागली आणि चंपाला सगळं कळलं, शब्द न् शब्द, ओठांवरून. बंगलोरचा भात, मल्याळी मैत्रीण, नवीन पोरांना आता तीच जोर कुठे द्यायचा ते शिकवते, हे सगळं. "तुझी हनुवटी सांगते मी त्यांना," मनाली म्हणाली. चंपाला वाटलं, एवढंच पुरे. फोनचं काय, तो राहिला तर राहिला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. न्हाणं झाल्यावर मनाली म्हणाली, बस, केस विंचरते तुझे. चंपा दारात पाठ करून बसली. किती वर्षांनी तिच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागत होता. तेल गार होतं, फणी सावकाश फिरत होती. मानेवर मनालीचा श्वास येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता, म्हणजे पोरगी काहीतरी बोलत होती. चंपाला मागे वळायचं नव्हतं. वळलं तर फणी थांबली असती.

श्वास जरा जास्त वेळ थांबला. म्हणजे विचारलेलं असावं. चंपा फोनवर म्हणायची तसं म्हणाली, "हां. बरं बरं."

फणी थांबली.

मग मनाली समोर येऊन बसली, फणी हातात तशीच. तिचे डोळे भरले होते. ती चंपाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, जसं चंपा तिच्याकडे बघायची तसं. आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी तिने विचारलं, ऐकू येत न्हाय तुला?

चंपानेही ओठांनीच सांगितलं, न्हाय.

कधीपासून?

तू गेलीस तवापासून. त्याच्या आधीपण असंल. तवा तू मोठ्यानं बोलायचीस.

मनालीने डोळे पुसले. "मी काय विचारलं माहीत आहे तुला आत्ता? मी विचारलं, मी गेले म्हणून तू माझ्यावर रागावलीस का? म्हणून बोलत नाहीस का? आणि तू म्हणालीस, हां, बरं बरं." ती हसायला लागली आणि हसता हसता पुन्हा रडली. "वर्षभर मला वाटत होतं, आईला मी नको झाले."

चंपाने तिला ओढून कुशीत घेतलं. 

मग धावपळ झाली. मनालीने तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, लूममध्ये काम करणाऱ्यांचं हे असंच होतं, कानाची नस दमली, परत यायची नाही. कानात घालायचं मशीन दिलं. मशीन लावल्यावर चंपाला भांड्यांचा आवाज आला, कुत्र्याचा आला, रामदासचं घोरणं आलं, ते नको होतं. पण फोन जवळ नेला की मशीन अशी शिट्टी मारायचं की चंपा दचकून फोन टाकायची. कारखान्यात तर ते लावणं म्हणजे डोक्यात लूम बसवणं. चार दिवसांत ते डबीत गेलं.

"मग मी मोठ्याने बोलेन," मनाली म्हणाली. "पूर्वीसारखं. कोण काय म्हणतंय ते बघू." ती आतल्या खोलीत गेली, चंपाला फोन दिला, आणि तिथून ओरडली.

आई. सुंसुं. लीस.

"पुन्हा कर," चंपा म्हणाली.

मनालीने पुन्हा केलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, खोकला आला, पण प्रत्येक वेळी तेच. जोर आपोआप एका जागी जायचा आणि बाकीचं खाली पडायचं. अख्खं वऱ्हाड घोड्यावर बसवायचं ती विसरून गेली होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मुलाखतीच्या दिवशी होता तसा झाला होता.

"येत नाही गं आता," ती म्हणाली.

"नको येऊ दे." चंपाने तिला पाणी दिलं. "त्या आवाजावर पोट हाय तुझं. मीच घासून घेतलाय तो तुझ्याकडून, परत कशाला घालवतेस? ऐक माझं. सगळ्याला जोर देऊ नको. एकाच शब्दाला दे. सरांनी शिकवलं तसं. बाकीचं सोडून दे."

"कुठल्या शब्दाला?"

चंपाने रिकामा पेला तिच्या हातातून घेतला. "ते मी कसं सांगू? तुला द्यावासा वाटंल त्याला."

मनाली गेली. या वेळी काचेतून काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

पुढच्या शुक्रवारी लूम बंद होते. चंपा ओट्यावर बसली होती, राहीबाई सुपारी कातरायला आली होती, रामदास रिक्षाखाली वाकला होता. फोन वाजला. रामदासने उठून तो चंपाच्या हातात दिला आणि बटण दाबलं.

"आई."

मग सुंसुं, लांबलचक. चंपा थांबली. सुंसुंच्या मधे पुन्हा वर आलं, "आई." पुन्हा सगळं बुडालं. आणि पुन्हा, वाक्याच्या भलत्याच जागी, जिथे कुणी कधी जोर देत नाही तिथे, "आई." पोरगी आठवड्याचं सगळं सांगत होती, आणि प्रत्येक वाक्यात सगळं बळ त्या एकाच शब्दाला लावत होती. बाकीचं तिने सोडून दिलं होतं.

"हां बाय," चंपा म्हणाली. "ऐकते."

ती पुष्कळ वेळ ऐकत राहिली. जेवलीस का विचारलं नाही, बरं बरं म्हटलं नाही, फोन नवऱ्याकडे दिला नाही. राहीबाईने अडकित्ता खाली ठेवला. शेवटी सुंसुं थांबली आणि चंपा तरी तशीच बसली, फोन कानाला, दुसरा हात मांडीवर उघडा.

"अगं, कट झाला तो," रामदास म्हणाला. मग तिला ऐकू गेलं नसेल म्हणून समोर येऊन, ओठ मोठे करून पुन्हा म्हणाला, "फोन कट झाला."

"माहीत हाय मला," चंपा म्हणाली. हे ती इतक्या हळू म्हणाली की राहीबाईला तिच्या ओठांकडे बघावं लागलं.